सातवी स्लाइड

उद्या पाहुणे येणार म्हणून सातव्या स्लाइडवर पाच ठिपके:
बंदर जवळ. दोन विमानतळ.
अखंड वीज. इथे मृणाल मॅडम जरा अडखळल्या,
गेल्या मंगळवारचा काळोख आठवून.
कुशल मनुष्यबळ.
शांत वातावरण.
वर ठळक अक्षरांत: आमची बलस्थाने.
मला म्हणाल्या, शुद्धलेखन बघ गं, तू कविता करतेस ना.
स्लाइड इंग्रजीत होती.
तरी बघितली.

वेर्णेच्या पठारावर रात्रपाळी.
काजूची बाग होती तिथे आता चिलर घुमतो.
विरजणाची टाकी, आम्ही तिला तसंच म्हणतो,
दोनशे लिटर, तीस अंश,
आत यीस्ट, आम्ही शिकवलेलं एकच प्रथिन
अब्जावधी तोंडांनी पाठ म्हणत असलेलं.
पहाटे पाचला हे सगळं
शेजारच्या पाच हजार लिटरमध्ये जायचं,
आणि दोन महिन्यांनी कुठल्याशा फ्रीजच्या दारात,
अंड्यांच्या शेजारी, एक छोटी कुपी.
आमच्या घरच्या फ्रीजमध्येसुद्धा. बाबांची.

पावणेदोन वाजता पडद्यावर सगळे आकडे हिरवे.
इनास फुर्तादो खुर्चीतून उठला,
बाहेर जाणाऱ्या हवेच्या नळीपाशी उभा राहिला.
"वास येता."
कसला?
"कालच्या सुरेचो."

इनास, साळगावच्या रेंदेराचा धाकटा.
बाप माडावर दामोण्याला कान लावायचा
आणि आतल्या कुजबुजीवरून सांगायचा,
ही आज प्यायची, ही सान्नांना,
ही आता सोडून द्या, हिला विनागर व्हायचंय.
इनास माडावर चढला नाही. आयटीआय केलं.
नाक मात्र घरून घेऊन आला.

मी नमुना काढला, काच रंगवली, डोळा लावला.
गोल गोल यीस्टच्या गर्दीत बारीक काड्या,
तांदळात कुसळं राहावीत तशा.
थोड्याच होत्या. पाचपर्यंत थोड्या राहिल्या नसत्या.

फोन. झोपेतला साहेब. सही.
अडीच वाजता वाफ सोडून विरजण मारलं.
मोठी टाकी कोरी राहिली, वाट बघत.

मग फॉर्म. रकाना चार: संशय कशावरून आला?
मी लिहिलं, नाक.
गुणवत्तावाल्या पोराने खोडलं,
म्हणाला, असं नाही चालत, उपकरणाचा क्रमांक लागतो.
इनास चहा ढवळत म्हणाला,
"बरय, म्हजें नाक कॅलिब्रेट करूंक ना म्हणून."
शेवटी लिहिलं: नियमित निरीक्षण.

मला आगरवाड्याचं आगर आठवलं.
मीठ धरायच्या आधी कोंडीतलं पाणी लालसर व्हायचं.
बाबा बोट बुडवून जिभेला लावायचे, म्हणायचे, परवा.
परवाच धरायचं.
ताळगावला एमएस्सीत तेच लाल पाणी काचेखाली पाहिलं.
मीठ नसेल तर फुटून मरणारे जीव.
सरांनी त्यांचं लांबलचक नाव फळ्यावर लिहिलं.
मी घरी फोन केला.
बाबा म्हणाले, जिवंत असणारच, नाहीतर रंग कुठून येईल?
आणि पाणी सोडायचं होतं म्हणून फोन ठेवला.

सकाळी सातची बस.
दहाला पाहुणे येतील, पांढरे कोट घालतील,
काचेपलीकडून टाक्यांना हात लावल्यासारखं करतील.
कुणीतरी विचारेल, गोवाच का?
मृणाल मॅडम सातव्या स्लाइडवर थांबतील.
चौथा ठिपका तेव्हा साळगावात पालथा झोपलेला असेल.

आत्ता तो माझ्या पुढच्या सीटवर,
डोकं खिडकीला, तोंड उघडं.
जुवारीच्या पुलावर बस चढली.
एवढ्या उंचावर, अर्धीच काच उघडी,
त्याच्या नाकपुड्या हलल्या.
"सुकती," म्हणाला, डोळे न उघडता.

मी खाली वाकून बघितलं.
किनाऱ्याला हातभर चिखल उघडा पडला होता,
आणि अजून पडत होता.